पाचवे कारण



हल्ली सप्ताहात कर्मसिद्धान्तावर फार बोलले जाते, आणि ते बहुतेक दुसऱ्याच्या कर्माविषयी असते. कांदा चाळीत सडला, प्रारब्ध. पोराला काम मिळेना, प्रारब्ध. गटारात उतरलेला माणूस गुदमरून गेला, पूर्वसंचित. बुवांनी एवढे म्हटले की माना डोलतात, पखवाजावर थाप पडते आणि कीर्तन पुढे सरकते. मी पन्नास वर्षे नारदांच्या गादीवर उभा राहिलो आहे. असल्या उत्तराला दाद किती लवकर मिळते ते मला ठाऊक आहे. पण याला शास्त्र म्हणायला मी तयार नाही.

आधार म्हणून गीतेचा अठरावा अध्याय पुढे करतात. चौदाव्या श्लोकात भगवंतांनी कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, नाना चेष्टा आणि पाचवे दैव. बुवा पहिली चार एका दमात उरकतात आणि पाचव्यावर अर्धा तास घेतात. अहो, हे दैव म्हणजे कपाळावरचे लिखित, असे कोणी सांगितले? आचार्यांचे भाष्य उघडा, माउलींची टीका उघडा. दोन्हीकडे अधिष्ठान म्हणजे हा देह, आणि दैव म्हणजे इंद्रियांना अनुग्रह करणाऱ्या देवता. डोळ्याचा सूर्य, तशा इतरांच्या इतर. कुंभार चाकाशी बसला की हात त्याचे, पण दिसते ते सूर्याच्या कृपेने. म्हणजे पाचवे कारण कर्त्याला साह्य करणारे आहे, आणि आपण मात्र ते त्याच्या डोक्यावर धोंडा म्हणून ठेवतो! नफा झाला की कर्ता आपण, तोटा झाला की दैव, ही वाटणी तर गीतेत कुठेच नाही.

प्रारब्ध खोटे आहे असे मी म्हणत नाही. संचित, प्रारब्ध, क्रियमाण हे तिन्ही शास्त्राला मान्य आहेत. पण पहिल्या दोहोंवर आपला हात चालत नाही. चालतो तो क्रियमाणावर. आज सकाळी तागडीत काय पडले, दुधात किती पाणी गेले, शेतमजुराला ठरलेली मजुरी संध्याकाळी मिळाली का, हे सारे क्रियमाण. त्यावर कीर्तनात चकार शब्द नसतो. कारण उघड आहे, पंगत देणारे यजमान पुढेच बसलेले असतात.

चोखोबांचे चरित्र घ्या. शके १२६०, मंगळवेढे. गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि चोखोबा बरोबरच्या मजुरांसह तिच्याखाली गेले. अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, तेथे आपण रंगतो. रंगावे. पण त्याआधी काय घडले ते पाहा. नामदेवराय पंढरपुरात बसून ‘ज्याचे त्याचे प्रारब्ध’ म्हणाले नाहीत. ते मंगळवेढ्याला गेले, त्या दगडमातीत अस्थी शोधल्या, पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. आणि पाच कारणे लावायचीच तर त्या भिंतीला लावा ना. दगड वाहणारे देह कोणाचे, बांधकाम कोणी काढले, पाया कोणी पाहिला? हे विचारल्याशिवाय दैवापर्यंत पोचण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तुकोबांचेही तसेच. खतपत्रे इंद्रायणीत बुडवली हे सगळेच सांगतात. धाकट्या भावाची, कान्होबांची, अर्धी खते आधी काढून दिली आणि आपल्याच वाट्याची बुडवली, हे घाईत राहून जाते. कर्ता कोण आणि त्याचा अधिकार कुठवर, याचा इतका चोख निवाडा मला कुठल्या पोथीत सापडलेला नाही. भावाच्या व्यवहारात हात घातला नाही, आणि देणेकऱ्यांना ‘प्रारब्ध भोगा’ असेही सुनावले नाही. आपल्या हातात होते तेवढे केले.

तेव्हा चातुर्मासात कीर्तनाला उभ्या राहणाऱ्या तरुण मंडळींना सांगणे एवढेच, की अठरावा अध्याय घ्याल तेव्हा पाचही कारणांना सारखा वेळ द्या. कांदा सडलेला शेतकरी समोर असेल तर त्याला आधी विचारा : काढणीच्या वेळी पाऊस लागला का, चाळीत वारा खेळत होता का, भाव असताना माल का अडकला? त्याचे उत्तर ऐकायला कीर्तन पाच मिनिटे थांबले, तर विठोबा काही विटेवरून उतरून जात नाही.