अंगठा, चाळिशी आणि नागीण



घरात जुना कर्जरोखा असेल तर काढून पाहा. सही न येणाऱ्या कुणब्याच्या नावापुढे 'निशाणी नांगर' असे लिहिलेले सापडते. पुढे नांगर गेला, अंगठा आला. सावकाराच्या कागदावर आमच्या आजोबांचा अंगठा पहिल्याच दाबाला उमटत असे. आज सरकारी यंत्रावर आमचा अंगठा चार वेळा दाबला तरी उमटत नाही.

कारण साधे आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी आम्ही मुठीत धरून मुळासकट उपटतो. कापूस वेचताना वाळल्या बोंडाची टोके बोटांत घुसतात. तीस-चाळीस सुग्या झाल्या की बोटांवरच्या रेषा झिजतात. सेवा केंद्रातला पोरगा म्हणतो, "आजोबा, हात धुऊन या." धुऊन आलो तरी तेच. मग म्हणतो, "मोबाईलवर ओटीपी आला असेल, तो सांगा." खिशातला चष्मा डोळ्यांवर चढेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते.

आपल्या भाषेने चष्म्यालाच 'चाळिशी' म्हटले. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होते हे अडाणी म्हणवणाऱ्यांना ठाऊक होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू करणाऱ्या शहाण्यांना ते ठाऊक नसावे. भर उन्हात काळ्या पडलेल्या पडद्यावर बारीक अक्षरांतला गट नंबर शोधायचा, पेरा भरायचा, फोटो काढायचा. आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. तलाठ्याने चावडीत बसून पेरा लिहिण्यापेक्षा शेतकऱ्याने स्वतः लिहिलेला केव्हाही बरा. २०२३ मध्ये पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी करण्याची सोय आली. म्हणजे मनात आणले तर अंगठ्याला पर्याय निघतो.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर नागिणीबद्दलही बोलले पाहिजे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो. उतारवयात अंगाची प्रतिकारशक्ती घटली की उठतो, आणि अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे फोड येतात. नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस दगावतो, हे खोटे. खरे भय वेगळे आहे. फोड वाळल्यावरही कित्येकांची आग महिनोन्महिने जात नाही, अंगाला सदरा सहन होत नाही. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर डोळा जाऊ शकतो. अशा वेळी लेप आणि मंत्रात दिवस घालवू नका, तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर त्यांचा गुण जास्त येतो.

या आजारावर लसही आहे. पन्नाशीपुढच्यांसाठीची नवी लस २०२३ पासून भारतात मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस घ्यायचे. खासगी दवाखान्यात दोन्हींचे मिळून वीस हजारांच्या घरात जातात. २०२५-२६ च्या मालदांडीच्या ३७४९ रुपये हमीभावाने ही सव्वापाच क्विंटलांहून जास्त ज्वारी झाली. आणि हमीभाव हातात पडतो कुणाच्या?

पंढरपूरला लस नवी नाही. वारीतून पटकी गावोगाव पसरे, म्हणून एके काळी वारकऱ्याला पटकीची लस टोचून घेण्याची सक्ती होती. २०२१ साली कोरोनाची लस सरकारी केंद्रावर फुकट मिळाली. मे महिन्यात अठरा ते चव्वेचाळीस वयाच्यांना ऑनलाईन नंबर लावणे भाग होते, तेव्हा शहरातली पोरे मोबाईलवर नंबर धरून गाड्यांनी खेड्यातल्या केंद्रांवर आली आणि गावची पोरे बाहेर उभी राहिली, तो भाग सोडा. मुद्दा असा, की आमच्यापासून दुसऱ्याला धोका असला की सरकार सुई घेऊन दारात उभे राहते. आम्ही एकटेच खाटेवर तळमळणार असलो, की तो आमचा खासगी मामला.

लहान मुलांच्या लसी आधी, हे कबूल. त्यांच्यातला एक रुपयाही आम्हाला नको. पण साठीपुढच्या मधुमेही माणसापासून तरी सुरुवात करा, असे मागायला लाज कसली?

२०२३ च्या आषाढीला आरोग्य खात्याने पंढरपुरात महाआरोग्य शिबिर भरवले, डोळे तपासले, चष्मे वाटले. चांगले केले. आता तेच काम आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्या-तालुक्याला व्हावे. अंगठा उमटला नाही म्हणून कुणाचेही काम अडवू नये, असा लेखी आदेश तहसीलदारांकडून घ्यावा. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे आणावेत : अंगठा न उमटणारे किती, चष्म्यावाचून अडलेले किती, आणि नागिणीची आग अजून सोसत असलेले किती.