तिमाही नफ्याच्या ओळीखालची ओळ

पुणे-बंगळूर महामार्गावरून कोल्हापूर ओलांडून दक्षिणेकडे निघाले की काही मैलांवर कागल लागते. राजर्षी शाहू महाराजांच्या जनक घराण्याची ही जहागीर. अलीकडच्या काळात मात्र हे गाव राजकारणाचे विद्यापीठ म्हणूनच अधिक ओळखले जाते. गैबी चौकातील सभांचे वृत्तांत राज्यभर वाचले जातात. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतून बाहेर पडणारी इंजिने आणि परदेशी जाणाऱ्या चादरी यांची वार्ता त्या मानाने फारशी कुणाच्या कानी पडत नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा मोठा कारखाना येथे आहे. इंडो काऊंट इंडस्ट्रीजचा गृहोपयोगी वस्त्रांचा प्रकल्पही येथलाच. या दोन्ही कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या असल्याने दर तीन महिन्यांनी त्यांना आपला हिशेब जनतेपुढे मांडावा लागतो.

हा हिशेब वाचण्याची आपली रीत ठरून गेली आहे. विक्री किती वाढली, निव्वळ नफा किती झाला, प्रतिसमभाग उत्पन्न किती, एवढे पाहिले की पान उलटले. वास्तविक निव्वळ नफ्याच्या ओळीखाली आणखी एक छोटासा मजकूर असतो. ‘इतर सर्वसमावेशक उत्पन्न’ हे त्याचे नाव. नावाइतकाच तो मजकूरही दुर्बोध असल्याने तिकडे कुणी फिरकत नाही. पण निर्यातीवर जगणाऱ्या कंपनीच्या बाबतीत पुढच्या वर्षीच्या नफ्याचा बराचसा भाग नेमका याच ओळीत दडलेला असू शकतो.

ही ओळ आली कोठून? १ एप्रिल २०१६ पासून पाचशे कोटी रुपये वा त्याहून अधिक निव्वळ मालमत्ता असलेल्या कंपन्यांना आणि त्यानंतर वर्षभराने उर्वरित नोंदणीकृत कंपन्यांना ‘इंड एएस’ ही नवी लेखामानके लागू झाली. बँका व विमा कंपन्या यातून वगळल्या गेल्या आणि बिगरबँक वित्तसंस्थांची पाळी नंतर आली. नव्या मानकांनी नफ्याचे दोन कप्पे केले. धंद्यातून प्रत्यक्ष कमावलेला वा गमावलेला पैसा पहिल्या कप्प्यात जातो. बाजारभाव, विनिमय दर किंवा विमागणिती अंदाज बदलल्यामुळे कागदावर झालेले, अद्याप पक्के न झालेले काही लाभ-हानी दुसऱ्या कप्प्यात जातात. प्रतिसमभाग उत्पन्न काढताना हा दुसरा कप्पा हिशेबात धरला जात नाही. तो तिमाहीगणिक साचत जातो आणि भागधारकांच्या निधीत राखीव म्हणून बसून राहतो.

उदाहरणाने हे लवकर उमगेल. पुढील आकडे कोणत्याही विशिष्ट कंपनीचे नाहीत, केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. एक निर्यातदार वर्षाअखेर एक कोटी डॉलर मिळतील या अपेक्षेने ते ८६ रुपये दराने बँकेला आजच विकून ठेवतो. रुपया वधारला तर नुकसान होऊ नये, एवढाच त्याचा हेतू. प्रत्यक्षात रुपया घसरत जातो. पहिल्या तिमाहीअखेर त्याच मुदतीच्या डॉलरचा वायदा दर ८७ रुपये ५० पैसे होतो, दुसऱ्या तिमाहीअखेर ८८ रुपये ८० पैसे आणि तिसऱ्या तिमाहीअखेर ९० रुपये. म्हणजे त्याच्या करारावर कागदोपत्री अनुक्रमे दीड कोटी, आणखी एक कोटी तीस लाख आणि आणखी एक कोटी वीस लाख रुपयांचा तोटा साचतो. कर बाजूला ठेवला तर एकूण चार कोटी. हेजिंगचे नियम पाळलेले असतील तर यातील एकही पैसा निव्वळ नफ्यातून वजा होत नाही. सारी रक्कम दुसऱ्या कप्प्यात साठते.

यात फसवणूक काही नाही, हे आधीच सांगितलेले बरे. करारावर तोटा झाला असला तरी ज्या डॉलरसाठी करार केला ते डॉलर अजून यायचे आहेत आणि ते आले की त्यांची किंमत रुपयांत तेवढीच वाढलेली असेल. दोन्हींची गाठ एकाच काळात पडावी म्हणूनच ही तजवीज आहे. माल रवाना होऊन विक्रीची नोंद झाली की साचलेले चार कोटी राखीवातून काढून नफा-तोटा पत्रकात आणले जातात. निर्यातदाराला शेवटी ८६ रुपयेच पडतात. शेजारच्या, करार न केलेल्या कारखानदाराला ९० रुपये मिळतात, तेव्हा याच्या मनाला रुखरुख लागते, ती गोष्ट वेगळी.

मात्र या साऱ्या रचनेचा आधार एकच आहे: अपेक्षित निर्यात प्रत्यक्षात झाली पाहिजे. ती होण्याची शक्यताच उरली नाही तर साचलेली रक्कम त्याच क्षणी नफा-तोटा पत्रकात आणावी लागते. राखीवातील तोटा पुढे भरून निघण्याची आशा नसेल तेव्हाही तसेच करावे लागते. लेखामानकातील हे कलम एरवी अभ्यासकांपुरतेच राहिले असते. २०२५ सालाने ते कारखान्याच्या दारात आणून उभे केले. ७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के अतिरिक्त आयातकर लावला आणि २७ ऑगस्टला तो ५० टक्के केला. चादरी, टॉवेल, तयार कपडे यांची सर्वांत मोठी गिऱ्हाईक अमेरिकाच. त्याच वर्षी रुपयाही उतरणीला लागला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका डॉलरने ९० रुपयांची पातळी ओलांडली. अर्थात करारांवरील कागदी तोटा वाढत होता, आणि ज्या निर्यातीच्या भरवशावर तो दुसऱ्या कप्प्यात ठेवायचा ती निर्यातच साशंक झाली होती. दोन संकटे एकाच वेळी यावीत, असा योग क्वचितच येतो. त्या करांचे पुढे काय झाले हा निराळा विषय. वाचकाच्या दृष्टीने प्रश्न एवढाच होता, की आपण ज्या कंपनीचे भाग बाळगून आहोत तिच्या राखीवात त्या घटकेला किती साचले आहे?

हे तिमाही निकालातून समजते का? सरळपणे नाही. सेबीच्या २०१५ च्या नोंदणी व प्रकटीकरण नियमावलीतील ३३ वे कलम कंपन्यांना तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि वर्षाचे निकाल ६० दिवसांत जाहीर करावयास लावते. पहिल्या तीन तिमाहींच्या आकड्यांवर लेखापरीक्षकाने मर्यादित पुनरावलोकनाचा शेरा दिला तरी भागते. निकाल ‘इंड एएस ३४’ या अंतरिम अहवालाच्या मानकाला धरून असल्याचे प्रत्येक निकालाच्या टिपेत लिहिलेले असते. ते वाक्य नीट वाचावे. त्यात मानकातील नोंद व मोजमाप यांची तत्त्वे पाळल्याचे म्हटलेले असते. त्या मानकातील सगळी प्रकटने दिल्याचे नव्हे. मानकात अंतरिम अहवालासोबत भागधारकांच्या निधीतील बदलांचे विवरण अपेक्षित आहे. सेबीच्या नमुन्यात ते नाही. ताळेबंद फक्त सहामाहीला द्यावा लागतो आणि त्यातही साऱ्या राखीव निधींची मोट ‘इतर समभाग निधी’ या एकाच ओळीत बांधलेली असते. हेजिंगचा राखीव निधी स्वतंत्रपणे दिसतो तो वर्षातून एकदा, वार्षिक अहवालाच्या पोटात.

चिकाटीच्या वाचकाला एक मार्ग आहे. वार्षिक अहवालातील अखेरची शिल्लक घ्यावी आणि त्यानंतरच्या प्रत्येक तिमाहीतील बदल त्यात मिळवत जावे. शिल्लक बव्हंशी जुळते. पण तिमाहीच्या ओळीत निव्वळ बदल असतो. नव्याने किती तोटा झाला आणि जुना किती नफा-तोटा पत्रकात गेला, याची फोड त्यात नसते. वरच्या उदाहरणात तिसऱ्या तिमाहीत जुन्यापैकी एक कोटी बाहेर काढले आणि नवे एक कोटी वीस लाख आत आले तर ओळीत दिसतील फक्त वीस लाख. वाचक म्हणेल, किरकोळ बाब. शिवाय परदेशी उपकंपनी असेल तर तिच्या चलनांतराचा फरकही अनेकदा याच ओळीत मिसळलेला असतो.

वृत्तपत्रांतील जाहिरातींची कथा तर आणखी मौजेची. नियमानुसार निकालांचा गोषवारा एका इंग्रजी व एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात द्यावा लागत असे. २०१६ च्या नमुन्यात निव्वळ नफा आणि इतर सर्वसमावेशक उत्पन्न यांची बेरीज एकाच ओळीत दिली जाई. मराठी वाचकाच्या हाती बेरीज पडे, इतर सर्वसमावेशक उत्पन्नाची फोड नाही. २०२४ च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीनंतर त्या गोषवाऱ्याच्या जागी क्यूआर कोड आला. कोड टिपून संकेतस्थळावर गेले की पूर्ण निकाल मिळतो हे खरे, परंतु तेथेही मिळतो तो वर वर्णिलेला नमुनाच.

दुसऱ्या कप्प्यातले सगळेच तोटे फिरून नफ्यात येतात असे नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. कामगारांच्या ग्रॅच्युइटीचे दायित्व विमागणिततज्ज्ञ मोजतात. व्याजदर वा पगारवाढीचे अंदाज बदलले की दायित्व बदलते आणि तो फरक दुसऱ्या कप्प्यात जातो. तो कायमचा तेथेच राहतो, नफा-तोटा पत्रकाला कधी शिवतही नाही. सेबीच्या नमुन्यात हे दोन प्रकार वेगळे दाखवलेले असतात ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. गंमत अशी, की ग्रॅच्युइटीचे नियमच बदलले तर मात्र वाढीव बोजा थेट नफ्यावर पडतो. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, वेतनाची व्याख्या बदलली आणि डिसेंबर २०२५ अखेरच्या तिमाहीत अनेक मोठ्या कंपन्यांच्या नफ्याला एकरकमी कात्री लागली. कामगार तेच, ग्रॅच्युइटीही तीच. कारण अंदाजातले की कायद्यातले, एवढ्यावर कप्पा ठरतो.

ज्यांना हा सारा तपशील काथ्याकूट वाटतो त्यांनी २००८ आठवावे. त्या वर्षाच्या आरंभी डॉलर ३९ रुपयांच्या आसपास होता, मार्च २००९ मध्ये तो ५० च्या पलीकडे गेला. रुपया वधारतच राहील अशा समजुतीने अनेक निर्यातदारांनी बँकांशी गुंतागुंतीचे करार केले होते. त्यांतले कित्येक करार ताळेबंदात दिसतच नव्हते. सनदी लेखापालांच्या संस्थेने मार्च २००८ च्या अखेरीस अशा करारांवरील तोट्याची तरतूद करावयास सांगितले तेव्हा कुठे आकडे उजेडात येऊ लागले. पुढे ३१ मार्च २००९ रोजी केंद्र सरकारने लेखामानक ११ मध्ये दुरुस्ती करून दीर्घ मुदतीच्या परकीय कर्जांवरील विनिमय तोटा नफ्याबाहेर ठेवण्याची मुभा दिली. आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी! संकट आले की तोटा मोजण्याची पट्टी सैल करायची, हा मोह सरकारांनाही आवरत नाही.

अमेरिकेत या संचित रकमेच्या घटकांची आणि त्यातून नफ्यात गेलेल्या रकमांची फोड अंतरिम अहवालातही द्यावी, असा दंडक २०१३ पासून आहे. भागधारकांच्या निधीतील बदलांचे विवरण तिमाही अहवालात देण्याची सक्ती तेथील भांडवल बाजार नियामकाने २०१८ मध्ये केली. म्हणून तेथे सारे आलबेल आहे असे नव्हे. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा तिच्या रोख्यांवरील कागदी तोटे जाहीर आकड्यांत उघड होते. त्यांतील काही तोटा संचित राखीवात होता, त्याहून कितीतरी मोठा केवळ टिपांत. तोटा सोसून सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे विकल्याचे बँकेने ८ मार्चला जाहीर केले आणि १० मार्चला तिला टाळे लागले. आकडे छापणे आणि ते वाचले जाणे यात अंतर असते. पण छापलेच नाहीत तर वाचणार कोण?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी तिमाही अहवाल बंद करून ते सहामाही करावेत, असे सुचवले. युरोपीय संघाने तिमाही अहवालांची सक्ती २०१३ मध्येच उठवली होती. दर तीन महिन्यांच्या आकड्यांपायी व्यवस्थापन दूरचे पाहत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. कागल परिसरातील सहकारी साखर कारखाने वर्षातून एकदाच, वार्षिक सभेत हिशेब मांडतात. ऊस उत्पादकाला तिमाही निकाल नको असतो, चौदा दिवसांत एफआरपी हवी असते. पण साखर कारखान्याचा सभासद गेटवर जाऊन काट्याचा आकडा पाहू शकतो. चादरींच्या कंपनीचा भागधारक मुंबईत वा नागपुरात बसलेला असतो. त्याला दिसते ते फक्त पत्रक. तेव्हा तिमाही अहवाल कमी करण्याआधी सेबीने आहे त्याच नमुन्यात दोन ओळींची भर घालावी: हेजिंग राखीवाची तिमाहीअखेरची शिल्लक आणि त्या तिमाहीत नफ्याकडे वळवलेली रक्कम. कंपन्यांना त्यासाठी नवे काही मोजावे लागणार नाही. हे आकडे त्यांच्या लेखा विभागाकडे दर तिमाहीला तयारच असतात. त्याशिवाय निव्वळ बदलाची ती एक ओळ छापताच येत नाही.

तोवर निर्यातदार कंपनीचे भाग बाळगणाऱ्याने वार्षिक अहवालातील निधीबदलांचे पान काढून हेजिंग राखीवाची मार्चअखेरची शिल्लक टिपून ठेवावी. वार्षिक सभा आता बहुधा दूरदृश्य माध्यमातून होतात आणि प्रश्न विचारण्यासाठी भागधारकाला आगाऊ नाव नोंदवावे लागते. यातील किती रक्कम येत्या बारा महिन्यांत नफ्याकडे वळणार आणि ती कोणत्या विनिमय दराच्या करारांची आहे, हे दोन प्रश्न तेथे विचारता येतात.