हार नकोत, दोर द्या!

८ मार्च २०२१, सोमवारची संध्याकाळ. कोलकात्यात स्ट्रँड रोडवरील न्यू कोयलाघाट या रेल्वेच्या बहुमजली इमारतीत तेराव्या मजल्यावर आग लागली. पूर्व आणि दक्षिण-पूर्व रेल्वेची कार्यालये तिथे आहेत. वीज तोडावी लागली आणि पूर्व भारतातले संगणकीय आरक्षण कोलमडले. रात्र सरेपर्यंत मृतांची संख्या नऊ झाली. चार अग्निशामक जवान, एक पोलीस सहायक उपनिरीक्षक, रेल्वे सुरक्षा दलाचा एक जवान, आणि मृतांत रेल्वेचा एक वरिष्ठ अधिकारीही. नवांपैकी सहा जण गणवेशातले होते. दुसऱ्याच्या मदतीला धावून गेलेले होते. काहींचे मृतदेह लिफ्टमध्ये सापडले.

पुढे काय झाले ते आपण पाठ म्हणून दाखवू शकतो. मुख्यमंत्री ममता बॅनर्जी रात्रीच घटनास्थळी आल्या. इमारतीचा नकाशा मागूनही रेल्वेकडून मिळाला नाही, असा आरोप त्यांनी केला. आमचे अधिकारी जागेवर हजर आहेत, सर्व सहकार्य देत आहेत, असे रेल्वेने सांगितले. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, मग काय विचारता! राज्याने दहा लाख रुपये आणि घरातील एकाला नोकरी जाहीर केली, रेल्वेने उच्चस्तरीय चौकशी नेमली, हार पडले, सलामी झाली. मेलेले ‘शहीद’ झाले आणि जिवंत असलेले मोकळे झाले.

आमचा आक्षेप नेमका या ‘शहीद’ शब्दाला आहे. त्या जवानांच्या धैर्यापुढे आम्ही नतमस्तक आहोतच. पण जिथे धैर्याचे पोवाडे फार गायले जातात, तिथे कोणाची तरी हलगर्जी झाकली जात असते, हा कामगार चळवळीचा जुना अनुभव आहे.

जरा दूरच्या देशात जाऊ. कॅनडासारख्या मुलुखात हिवाळ्यात तळी गोठतात. बर्फ पातळ असला की माणूस आत जातो. त्या गार पाण्यात हातपाय जेमतेम दहा मिनिटे हलतात, नंतर ते ऐकत नाहीत. म्हणजे घाई करायला याहून मोठे कारण नाही. तरीही तिथल्या बचाव पथकाचा नियम काय? आधी काठावरून काठी पुढे करा. नाही पोहोचली तर दोर फेका. तेही जमले नाही तर तरंगणारी फळी किंवा होडी सरकवा. हे सगळे हरले तरच माणूस बर्फावर उतरेल. तोही थंडी रोखणारा, पाण्यावर तरंगणारा पोशाख घालून, कमरेला दोर बांधून, आणि दोराचे दुसरे टोक काठावरच्या साथीदारांच्या हातात देऊन. दोर नसेल तर उतरायचे नाही. कारण साधे आहे: ज्या बर्फाने पहिल्याला गिळले तो दुसऱ्यालाही गिळतो, आणि मग काठावरच्यांना दोघांना काढावे लागते.

तुम्ही म्हणाल, हुगळीच्या काठी बर्फ कुठला? खरे आहे. पण जळत्या इमारतीचा तेरावा मजला आणि पातळ बर्फ यांत फरक तो काय? प्रश्न एकच आहे. आत जाणाऱ्याच्या दोराचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे?

लिफ्टचेच पाहा. आगीत लिफ्ट वापरू नये हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मग जाणती माणसे लिफ्टने का जातात? पाठीवर श्वसनयंत्र, हातात होज, अंगावर जाड पोशाख घेऊन तेरा मजले चढून पाहा! नळकांड्यातली हवा मेहनतीच्या कामात अर्धा तास पुरली तर पुष्कळ. वर पोहोचेपर्यंत छाती फुटते. म्हणून उंच इमारतीत अग्निशामकांसाठी वेगळ्या वीजपुरवठ्याची, जवानाच्या ताब्यातली लिफ्ट हवी. तीही आगीच्या दोन मजले खाली थांबवून पुढे जिन्याने जायचे असते. साधी लिफ्ट वीज गेली की अडकते, तिची विहीर धुरांड्यासारखी धूर ओढते, आणि दार आगीच्या मजल्यावर उघडले तर सुटका नाही. हे सांगायला नकाशा हवा, इमारतीचा माहीतगार माणूस हवा आणि खाली हुकूम देणारा एकच अधिकारी हवा. जवानाच्या छातीत धैर्य कमी नसते. त्याच्या हातात माहिती कमी असते.

हे मुंबईकरांना सांगायला नको. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र होती, आणि धोक्याचा लाल बावटा जहाजावर नव्हता. ६६ अग्निशामक गेले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. एकाहत्तर वर्षांनी, मे २०१५ मध्ये, काळबादेवीच्या जुन्या इमारतीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गमावले. कोलकात्यात २०१० साली पार्क स्ट्रीटच्या स्टीफन कोर्टमध्ये ४३ जण गेले. २०११ साली ढाकुरियाच्या आमरी रुग्णालयात तळघरातून निघालेल्या धुराने नव्वदच्या आसपास बळी घेतले. तिथे रुग्णांना बाहेर काढता काढता दोन परिचारिका गेल्या. दर वेळी चौकशी, दर वेळी सलामी!

आता आमच्याच खात्यांकडे वळू. रेल्वेत टोकनच्या एकेरी मार्गावर टोकन हाती आल्याशिवाय चालक पुढच्या सेक्शनमध्ये गाडी घालत नाही. ओएचईची वीज बंद होऊन अर्थिंग झाल्याशिवाय आमचा ब्रेकडाऊनवाला डब्याच्या टपावर चढत नाही. टपालात स्पीड पोस्टच्या एका पाकिटाची प्रत्येक टप्प्यावर नोंद होते. मग आगीत शिरणाऱ्या जिवंत माणसाची नोंद नको? दारात एक फळा: कोण आत गेला, किती वाजता, नळकांड्यात हवा किती, बाहेर कधी यायचा. वेळ टळली की दुसरी तुकडी आत. पाकिटाला जी शिस्त आहे ती माणसाला का नाही?

आणि साथींनो, बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपलेही हात तपासू. आपल्या किती कचेऱ्यांच्या जिन्यांवर फायलींचे गठ्ठे आणि मोडकी कपाटे रचलेली असतात? मागच्या दाराला कुलूप आणि किल्ली शिपायाच्या घरी, हे आपण वर्षानुवर्षे पाहतो की नाही? मॉक ड्रिलच्या रजिस्टरवर सही ठोकून चहाला जाणारे आपणच ना? उद्या जो जवान त्या जिन्याने वर येईल, त्याच्या वाटेतला गठ्ठा आपण ठेवलेला असेल.

कोणी म्हणेल, जीव धोक्यात असताना नियम पाळत बसायचे काय? आमचे उत्तर: नियम आधी पाळले असते तर त्या घडीला वेळ वाचला असता. नकाशा भिंतीवर लावायला आगीची वाट पाहावी लागत नाही. आणखी कोणी म्हणेल, अग्निशमन हा राज्याचा आणि नगरपालिकांचा विषय, इमारत केंद्राची. धूर राज्य आणि केंद्र पाहून छातीत शिरत नाही!

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत:

१) रेल्वे व टपालाच्या प्रत्येक बहुमजली इमारतीचा नकाशा तळमजल्यावर आणि जवळच्या अग्निशमन केंद्रात ठेवा.
२) प्रत्येक पाळीत इमारतीचा एक माहीतगार कर्मचारी नेमून ठेवा, त्याने खाली राहून वाट सांगायची, वर जायचे नाही.
३) अग्निशामकांची वेगळी लिफ्ट, मोकळे जिने आणि उघडणारी दारे यांची तपासणी संघटनेच्या प्रतिनिधीसह करा.
४) वर्षातून दोनदा स्थानिक अग्निशमन दलासोबत खरी कवायत घ्या.
५) अशा दुर्घटनांचे चौकशी अहवाल कर्मचाऱ्यांसाठी खुले करा.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०२२ मध्ये सुरक्षित व आरोग्यदायी कामाची जागा हा मूलभूत हक्क मानला. तो हक्क आगीत शिरणाऱ्यालाही आहे. किंबहुना त्यालाच आधी आहे.

प्रत्येक शाखेने येत्या सभेत हा विषय घ्यावा. त्याआधी आपल्या कचेरीचा जिना एकदा तळापासून गच्चीपर्यंत चढून पाहावा. जे आढळेल ते लिहून प्रशासनाच्या टेबलावर ठेवावे आणि पोच घ्यावी.

वाचवणारा वाचला पाहिजे!
कामगार एकजुटीचा विजय असो!