स्लाइड्सबरोबर नावेही उतरवून घ्या

मैत्रिणींनो, १९८०च्या दशकात शिबिरांतून, वस्त्यांतून भिंतीला पांढरी चादर लावून आपण स्लाइड-शो केले. हुंडाबळी, बायकांचे आरोग्य, १९८५ची स्त्रीमुक्ती यात्रा. त्या स्लाइड्स आज कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पलंगाखाली पडून आहेत. पावसाळ्यात त्यांवर बुरशी धरते, आणि अंधारात ठेवल्या तरी अनेक जुन्या फिल्मचे रंग उडून चित्र लालसर होत जाते. कोडॅकने प्रोजेक्टर बनवणे २००४मध्येच थांबवले. एखादी मोठी संस्था हे काम करील म्हणून थांबण्यात आता अर्थ नाही.

हे घरी जमते. डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि एलईडीचा लाइट पॅड हवा. कॅमेरा स्टँडवर तोंड खाली करून बसवायचा, खोलीतले दिवे मालवायचे. धूळ रबरी फुंकणीने उडवायची, ओले फडके लावायचे नाही. स्लाइडची चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे, नाहीतर मोर्चातल्या फलकांवरची अक्षरे उलटी येतात!

पण नेमके इथेच काम संपले असे समजले जाते. चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचे. भोवतालच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहिलेले गाव, साल, नाव फोटोत येतच नाही. म्हणून चौकटीचा वेगळा फोटो घ्याच. त्यातही वक्त्यांची नावे असतात. समोर मांडी घालून बसलेल्या बायका नुसत्या ‘ग्रामीण महिला’. त्यांना ओळखणाऱ्या कार्यकर्त्या आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. त्यांना शेजारी बसवून, एकेक स्लाइड दाखवून नावे लिहून घेतली पाहिजेत. ‘तंत्र कळणाऱ्या’ भाच्याकडे डबा सोपवला, तर तो चारशे फाइली आणून देईल, आकड्यांच्या नावाने.

आणखी एक. मारहाणीचे वळ दाखवणाऱ्या बाईने तेव्हा होकार दिला, तो वस्तीतल्या शंभर बायकांनी पाहावे म्हणून. तो फोटो आज व्हॉट्सॲपवर फिरला, तर तिच्या नातसुनेच्या फोनवरही पोचेल. तिला पुन्हा विचारायला हवे. अशाने निम्मा इतिहास पेटीतच राहील, असे काही जणी म्हणतात. ती किंवा तिच्या घरची लेक भेटेपर्यंत तो फोटो पेटीत राहिला तरी माझी हरकत नाही.