साठ दिवसांची नोटीस

हिंगोलीच्या अधिकाऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना आंतरराष्ट्रीय व्यापारधोरण शिकवा, असे म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो. धोरण दिल्लीत ठरते, वाटाघाटी जिनिव्हात होतात. मग तलाठ्याच्या आणि आडत्याच्या जिल्ह्याला त्याचे काय?

फेरफाराची नोटीस चावडीवर लागते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. तशीच एक नोटीस जिनिव्हालाही लागते. १ जानेवारी १९९५ला तिथली जागतिक व्यापार संघटना सुरू झाली, तेव्हापासून अन्नाच्या सुरक्षिततेचा करारही लागू आहे. त्यानुसार एखाद्या देशाला आयात मालातल्या कीडनाशकाच्या अंशाची मर्यादा कडक करायची असेल, तर मसुदा आधी कळवायचा आणि इतर देशांच्या हरकतींसाठी साधारण साठ दिवस द्यायचे. जिल्ह्यातल्या वसमत, कळमनुरीच्या हळदीच्या शेतात कोणते औषध किती फवारतात, काढणीच्या किती दिवस आधी थांबतात, ही माहिती जिल्ह्याच्या कृषी अधिकाऱ्याजवळ असते. दिल्लीला हरकत घ्यायची तर पुरावा इथूनच जायला हवा. पण नोटीस मोंढ्यात वाचून दाखवणारा कोण? हे काम दिल्लीचे आहे म्हणून आपण हात झटकले, तर साठ दिवस संपतात आणि मर्यादा आपल्या हरकतीविनाच ठरते.

दुसरे म्हणतात, परदेशाचे काय ते निर्यातदार बघून घेतील. शेतकऱ्याला भाव मिळाला की झाले. पण निर्यातदाराचा पुरवठा बिघडला तर तो उद्या दुसऱ्या जिल्ह्यातून माल उचलेल. बेणे लावून आठ-नऊ महिने पीक सांभाळणाऱ्याला ती सोय नाही. दोष शिरतो तोही बंदरावर नव्हे. फवारणीत शिरतो, वाळवणीत शिरतो, पॉलिशच्या ड्रममध्ये शिरतो. बांगलादेशात हळदीला चकाकी यावी म्हणून शिशाचा पिवळा रंग चढवत. २०१९ मध्ये संशोधकांनी ते उघड केले, सरकारने घाऊक बाजारातच कारवाई केली, व्यापाऱ्यांना समजावले. तपासलेल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसे होते, २०२१ मध्ये ते शून्यावर आले. सुधारणा मोंढ्यात झाली.

आणखी एक युक्तिवाद आकड्यांचा. २०२२-२३ मध्ये देशात ११.६१ लाख टन हळद पिकली, बाहेर गेली १.५३ लाख टन. तेरा टक्क्यांसाठी एवढा खटाटोप? पण जगाच्या हळद व्यापारात ६२ टक्क्यांहून जास्त वाटा आपला आहे. परदेशात नाकारलेली खेप शेवटी देशातल्याच सौद्यात येऊन पडते आणि उरलेल्या सत्त्याऐंशी टक्क्यांचा भाव पाडते. ज्याने कधी निर्यात केली नाही, त्याच्याही हळदीचा.

चौथा आक्षेप अर्धा खरा आहे, तो मी मान्य करतो. अशा कार्यशाळा पुष्कळ झाल्या: फलक, सत्कार, भाषणे, जेवण. शिकलेला अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो. पण यातून प्रशिक्षण निरुपयोगी ठरत नाही, त्याची रीत चुकीची ठरते. ज्यांची बदली होत नाही, ते बाजार समितीचे सचिव, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक, आडते आणि प्रक्रियादार यांना अधिकाऱ्यांच्या शेजारी बसवा. शिकवायचे तेही खऱ्या कागदांवर: परत आलेल्या खेपेचा तपासणी अहवाल, ०९१०३० या हळदीच्या सीमाशुल्क क्रमांकाखालचे वेगवेगळ्या देशांचे शुल्क, जिनिव्हाची एक चालू नोटीस आणि तिला मराठीत लिहिलेली, पुढे दिल्लीला जाणारी हरकत. ती हरकत लिहिता आली, तरच तुकडी उत्तीर्ण.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा अभिमान सगळ्यांना आहे, मलाही आहे. पण ते मानांकन देशाच्या सीमेपर्यंतच चालते. युरोपीय संघात वेगळी नोंदणी लागते. दार्जिलिंग चहाने ती २०११ मध्ये मिळवली, कांगडा चहाने २०२३ मध्ये. त्यासाठी कुणीतरी अर्ज लिहिला, पुरावे जोडले, पाठपुरावा केला. असा अर्ज लिहिणारी माणसे हिंगोलीत तयार करणे म्हणजेच व्यापारधोरणाचे शिक्षण.

आणि हळदीसाठी कागद लढवणे आपल्याला नवे नाही. जखम भरण्याच्या हळदीच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले बत्तीस संदर्भ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवले. आजीच्या बटव्यातले ज्ञान खरेच होते. पण जिंकले ते नियमाच्या भाषेत मांडल्यावर.

वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे हरिद्रा (हळद) संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झाले आहे. प्रशिक्षण हा शब्द त्याच्या नावातच आहे. तिथे बेण्याचे आणि कुरकुमिनचे शिक्षण मिळावेच, वाळवणीचे ओटे आणि तपासणीची प्रयोगशाळाही हवी. जिल्हाधिकारी जिल्हा निर्यात प्रोत्साहन समितीचे अध्यक्ष असतात. त्यांना माझी विनंती एवढीच की पुढच्या हंगामात, हळद शिजायला लागण्यापूर्वी, व्यापारधोरणाची पहिली तुकडी याच वसमतमध्ये बसवावी, आणि पहिल्या दिवशी तिच्यापुढे जिनिव्हाची मुदत न संपलेली एक नोटीस ठेवावी.