कोपऱ्यावरचे दुकान, बागेतला बाक

वार्धक्यातील एकटेपणाची तक्रार रुग्ण त्या शब्दांत क्वचितच मांडतात. झोप लागत नाही, भूक मंदावली, कशात मन रमत नाही, अशा रूपांत ती दवाखान्यात येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा जणांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो आणि त्यामुळे हृदयविकार व पक्षाघाताचा धोकाही वाढतो. यावर उपयोगी पडणारी दोन ठिकाणे बहुधा घराजवळच असतात: वाण्याचे दुकान आणि बाग.

हल्ली मुले प्रेमापोटी सगळे सामान मोबाइलवरून घरपोच मागवून देतात. आईवडिलांचे कष्ट त्यामुळे वाचतात. पण रोजचे थोडे चालणे, सुट्या पैशांचा हिशेब आणि ‘काल दिसला नाहीत, काका?’ ही विचारपूसही थांबते. एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत ही विचारपूस मोलाची असते. घरात पडून राहिलेल्या माणसाची अनुपस्थिती अनेकदा दुकानदाराच्याच प्रथम ध्यानात येते. म्हणून तांदूळ-तेलासारखे जड सामान घरपोच येऊ द्यावे. दूध, कोथिंबीर, लिंबे मात्र त्यांनाच आणू द्यावीत. ओळखीच्या दुकानदाराकडे घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक द्यावा आणि दाराशी एक खुर्ची ठेवण्याची विनंती करावी.

बागेचे महत्त्व व्यायामापुरते नाही. दादरचे शिवाजी पार्क १९२५ मध्ये खुले झाले. त्याच्या कडेचा कट्टा म्हणजे फेरी मारता मारता कुठेही टेकण्याची सोय. दमलेला माणूस तिथे बसतो आणि शेजारच्याशी सहज बोलू लागतो. आपल्या बागेतही थोड्या थोड्या अंतरावर बाक हवेत. त्यांना पाठ आणि हात असावेत. गुडघे दुखणाऱ्याला हातांवर भार देऊन उठता येते. स्वच्छ स्वच्छतागृह नसेल, तर वारंवार लघवीला जावे लागणारे वृद्ध बाहेर पडणेच टाळतात. नगरसेवकाकडे अर्ज करताना या गोष्टींचा आवर्जून उल्लेख करावा.

पासष्टीनंतर आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम सुचवला जातो. तो रोज दहा-दहा मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्यांत विभागता येतो. चालताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप लागली, तर तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

चालता न येणाऱ्यांना चाकाच्या खुर्चीतून बागेत न्यावे. दिवसभर शुश्रूषा करणाऱ्यालाही त्या निमित्ताने चार माणसे भेटतात. त्याची गरज त्यालाही तितकीच असते.