दाणे जपून पाखडा

उद्यमबागेतल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. कारखान्याच्या ऑफिसात स्वतःचा मेल सर्व्हर बसवला, घरच्या मंडळींनाही त्यावरच पत्ते दिले. पण रोज सकाळी लॉटरी, औषधे आणि कर्जाच्या जाहिरातींचा ढीग उपसावा लागतो. यावर कायमचा उपाय काय?

कायमचा उपाय नाही. मे १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्युअर्क यांनी सुमारे चारशे जणांना न विचारता एकदम संगणकांची जाहिरात धाडली. ती पहिली स्पॅम मानली जाते, आणि तेव्हापासून हा उपद्रव कोणी बंद करू शकलेले नाही. आटोक्यात आणणे मात्र फारसे अवघड नाही. पोस्टफिक्स, डव्हकॉट, स्पॅमअसॅसिन ही सगळी मंडळी फुकट मिळतात. अवघड आहे ते चांगले पत्र न गमावणे. एखादी जाहिरात आत शिरली तर खोडायला दोन सेकंद लागतात. पण पुण्याच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर, मुलीच्या मुलाखतीचे बोलावणे किंवा धारवाडच्या अक्कांनी पाठवलेली लग्नपत्रिका कचऱ्यात गेली, तर ती गेल्याचेही कोणाला कळत नाही. म्हणून प्रत्येक सेटिंग लावताना एकच विचारावे: यात चूक झाली तर ती मला दिसेल का?

पहिली तपासणी दारातच होते. पत्र घेऊन आलेल्या यंत्राचा आयपी पत्ता बदनामांच्या यादीत आहे का, हे पोस्टफिक्स स्पॅमहाउससारख्या संस्थेला विचारतो. बराचसा कचरा इथेच अडतो. मात्र हा प्रश्न गूगलच्या सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारू नये. तसे केल्यास खऱ्या उत्तराऐवजी चुकीचा संकेत येतो, आणि नीट न लावलेला सर्व्हर तो संकेतच होकार समजून सगळे टपाल परत पाठवतो. सर्व्हरवर अनबाउंडसारखा स्वतःचा डीएनएस बसवा. स्पॅमहाउसची मोफत सोय थोड्या आणि बिगर-व्यापारी वापरापुरती आहे, तेव्हा कारखान्याने अटी आधी वाचाव्यात. यादी जिवंत आहे ना, हेही अधूनमधून पाहावे. ओआरडीबी नावाची यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरी लोक तिला विचारतच राहिले, आणि मार्च २००८ मध्ये ती प्रत्येक पत्त्याला ‘बदनाम’ असे उत्तर देऊ लागली. ज्यांनी तिचे नाव काढले नव्हते, त्यांचे सगळे टपाल अडले! सॉर्ब्स ही जुनी यादीही २०२४ मध्ये बंद झाली आहे. इंटरनेटवरून जुने सेटिंग उतरवून घेणाऱ्यांनी हे पाहून घ्यावे.

ग्रेलिस्टिंग म्हणजे अनोळखी सर्व्हरला ‘थोड्या वेळाने या’ म्हणणे. खरा सर्व्हर पुन्हा येतो, स्पॅम टाकणारे पुष्कळ जण येत नाहीत. युक्ती छान आहे, पण बँकेचा ओटीपी त्याच पत्त्यावर येत असेल तर तो पोचेपर्यंत शिळा होतो. घरच्या वापराच्या सर्व्हरवर मी ती लावणार नाही.

यानंतर स्पॅमअसॅसिन. तो पत्राचा मजकूर, दुवे, पाठवणाऱ्याची खूण असे सगळे तपासून गुण देतो. मुळात पाच गुणांची रेघ ठरलेली असते. ही रेघ उतावळेपणाने तीनवर आणू नका. त्याऐवजी त्याला शिकवा. त्याच्यात बेझ पद्धतीची शिकणारी गाळणी आहे. कोणते शब्द चांगल्या पत्रांत येतात आणि कोणते वाईट, याची ती नोंद ठेवते. दोनशे वाईट आणि दोनशे चांगली पत्रे पाहिल्याशिवाय ती मत देत नाही.

आपल्याकडे खरी गोम इथे आहे. बहुतेक जण वाईट पत्रे हौसेने भरवतात आणि चांगली भरवायचे विसरतात. भरवलीच तर ऑफिसची इंग्रजी. आता ‘नमस्कार’ मराठीतही आहे आणि कन्नडमध्येही, उच्चार जवळपास एकच. पण लिपी वेगळी, म्हणून गाळणीच्या दृष्टीने ते दोन परके शब्द. आपली लग्नपत्रिका आणि त्यांची ‘लग्नपत्रिके’ यांचे नाते तिला ठाऊक नाही. धाकटी मंडळी तर मराठी आणि कन्नड दोन्ही इंग्रजी अक्षरांतच लिहितात. तो तिसरा प्रकार. म्हणून चांगल्या पत्रांच्या गठ्ठ्यात आजोबांची मराठी पत्रे, सुनेच्या माहेरची कन्नड पत्रे, मुलांची सरमिसळ आणि कारखान्याची बिले हे सगळे पडले पाहिजे. भाषा ओळखण्याची जी वेगळी सोय आहे, तिथे फक्त इंग्रजी ठेवू नये, नाहीतर घरच्याच भाषांना दंडाचे गुण लागतील.

शिकवण्याची आज्ञा ‘एसए-लर्न’. ती ज्या वापरकर्त्याच्या नावाने गाळणी चालते त्याच नावाने द्यावी लागते. रूट होऊन शिकवले तर वही वेगळीच भरते: शिकवणी एकाची, परीक्षेला बसतो दुसरा! शंका असल्यास पत्राचे हेडर उघडा. ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ या ओळीत एकूण गुण आणि बेझचे मत दोन्ही लिहिलेले असते. बेझचे नावच दिसत नसेल तर शिकवणी पोचलेली नाही.

पकडलेले पत्र खोडू मात्र नका. डव्हकॉटमध्ये सीव्ह नावाची सोय आहे (शब्दाचा अर्थच चाळण). ती पाचच्या वरची पत्रे ‘जंक’ खणात टाकते. पंधराच्या वर गुण गेलेले पत्र घेण्याआधीच, दारात, नाकारावे. म्हणजे पाठवणारा खरा माणूस असेल तर त्याला निरोप मिळतो आणि तो फोन करतो. एकदा पत्र आत घेतल्यावर मात्र ‘नको’ म्हणून परत पाठवू नये. स्पॅमवरचा पत्ता बहुधा दुसऱ्याचा चोरलेला असतो. निरोप त्या बिचाऱ्याला जातो आणि बदनामांच्या यादीत आपलेच नाव चढते.

पहिले दोन महिने जंक खण रोज उघडावा, पुढे दर शनिवारी. घरात दोन्ही लिप्या वाचणाऱ्या माणसाकडेच हे काम द्या. चुकून तिथे गेलेले पत्र परत इनबॉक्समध्ये ओढले की ते आपोआप ‘चांगले’ म्हणून शिकवले जाईल, अशी सोय सीव्हमध्ये करता येते. ती जरूर करा. आणि आपण पाठवलेली पत्रे दुसऱ्यांच्या जंकमध्ये का पडतात, त्यासाठी एसपीएफ आणि डीकेआयएम कसे लावायचे, ते पुढच्या वेळी पाहू.